उंबरठ्यापलीकडचे प्रकरण

माझ्या पहिल्या कादंबरीचा शेवट मला फार आवडत असे. नायिका वर्षानुवर्षे नवऱ्याचा मार खाते आणि अखेर एका पावसाळी रात्री नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडते. ओसरीवरचा दिवा जळत राहतो, आणि तेविसाव्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत दार उघडेच असते. हे उघडे दार मला त्या वेळी मोठे अर्थपूर्ण वाटले होते. एकदोन परीक्षणकारांनाही वाटले. एकाने तर त्या दारावर अर्धा रकाना खर्च केला.

आमच्या बालवाडीत खिचडी शिजवायला एक मावशी येतात. अक्षरे त्या पस्तिशी उलटल्यावर शिकल्या. त्यांनी माझी कादंबरी मागून नेली, दीड महिना लावून वाचली आणि परत देताना एवढेच विचारले, “बाई, ती निघाली ते बरं झालं. पण त्या रात्री निजली कुठं?”

मी म्हटले, “मावशी, कादंबरी तिथेच संपते.”

“आन् ल्योक होता ना काखेला? सकाळच्याला त्याला काय दिलं तिनं?”

खरे सांगायचे तर ते मूल मी विसरून गेले होते. सतराव्या प्रकरणात ते जन्मले, एकोणिसाव्यात त्याला ताप आला, आणि बाविसाव्यानंतर त्याचा पत्ता नाही. आईच्या काखेत ते होते की पाळण्यात राहिले, हे लेखिकेलाच सांगता येईना! मावशी काही लागट बोलल्या नाहीत. पातेले घासायला निघून गेल्या. मी मात्र त्या दिवसापासून आपल्या कादंबऱ्या, कथा आणि नाटके पुन्हा काढून वाचू लागले. मी मॅट्रिकपुढे शिकलेले नाही, त्यामुळे शास्त्रोक्त समीक्षा मला यायची नाही. पण मावशींचा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारून पाहायला पदवी लागत नाही. बाई निजली कुठे, पोराला काय दिले, आणि पैसे कोणाच्या हातात होते? या प्रश्नांपुढे काही थोर पुस्तके गप्प बसली, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती ती बोलली.

आरंभ हरिभाऊंपासून करणे भाग आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. यमूचे मुंबईचे बिऱ्हाड, तिथले थोडेसे सुख, वैधव्य, परत पुण्याच्या घरी येणे आणि जुलमाने केलेले केशवपन हे सारे वाचताना आजही घसा दाटतो. तिची मैत्रीण दुर्गी हिच्या नवऱ्याने चालवलेले तिचे हालही हरिभाऊंनी कुठे झाकले नाहीत. घरातल्या हिंसेचे इतके सविस्तर चित्रण मराठीत त्यापूर्वी कोणी केले होते असे मला वाटत नाही. पण यमूला दुसरी जागाच नव्हती का? मौज अशी की, जागा होती आणि ती त्याच शहरात होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि १८९० मध्ये ते पुण्याला हलवले. यमूचे हाल दर आठवड्याला छापून येत होते त्या दिवसांत त्याच गावात काही विधवा शिकत होत्या, जेवत होत्या आणि रात्री निर्भयपणे निजत होत्या. त्यांतल्याच एक गोदूबाई. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. त्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलेच होते.

मग हरिभाऊंच्या कादंबरीत यमूला त्या दाराशी कोणी का नेले नाही? याचे उत्तर हरिभाऊंच्या कोतेपणात शोधणे अन्यायाचे होईल. शारदासदनाभोवती धर्मांतराचे वादळ उठले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, हा इतिहास आहे. तेव्हा यमूच्या घरच्या माणसांनी तिला तिथे पाठवले असते असे लिहिणे खोटेच झाले असते. पण त्या जागेचा विचारही कोणाच्या मनात न यावा, तिच्यावरून घरात भांडणही न व्हावे, हे मला आता खटकते. शोकान्तिका खरी होण्यासाठी सुटकेची वाट दिसावी लागते आणि ती कोणी अडवली हेही दिसावे लागते. वाटच दाखवली नाही तर वाचक रडतो आणि दैवाला दोष देऊन मोकळा होतो.

विभावरी शिरूरकरांनी पैशाला हात घातला. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आले तेव्हा लोक भडकले ते तरुण मुलींच्या मनातल्या वासना उघड्यावर आल्या म्हणून. मला आज त्या संग्रहात अधिक धीट वाटतो तो पगाराचा हिशेब. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नावच पाहा. मुलगी शिकलेली आहे, मिळवती आहे. पण तिच्या मिळकतीवर बापाचा वाढता संसार चालतो, आणि म्हणून तिचा स्वतःचा संसार लांबत जातो. इथे कोणी कोणाला चापट मारलेली नाही. तरी पैसा हाती येणे आणि पैसा आपला असणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, ते या बाईंनी नव्वद वर्षांपूर्वी सांगून ठेवले. आज सरकार स्त्रियांच्या खात्यात पैसे टाकते आणि सगळे म्हणतात की बाई स्वतंत्र झाली, तेव्हा मला ही कथा आठवते.

पण मावशींच्या प्रश्नाला सरळ तोंड देणारी मराठीतली सर्वांत मोठी कृती मला विचाराल तर मी ‘सखाराम बाइंडर’चे नाव घेईन. पुष्कळांना हे विचित्र वाटेल. १९७२ साली ते नाटक आले तेव्हा ते असभ्य आहे, अश्लील आहे, यावर इतके रण माजले की नाटकाचा विषय काय हे पाहायला कोणाला सवडच मिळाली नाही. पुढे ते हिंसेचे नाटक म्हणून गाजले, आणि अजून वर्गांतून तसेच शिकवले जाते. माझ्या मते ते निवाऱ्याचे नाटक आहे.

सखाराम नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणतो. लक्ष्मी ही सातवी. पहिल्याच प्रवेशात तो तिला घर दाखवतो आणि अटी सांगतो: दोन वेळचे जेवण मिळेल, लुगडी मिळतील, हुकूम ऐकावा लागेल, बायकोसारखे राहावे लागेल, पटले नाही तर जायला मोकळीक आहे. एखाद्या योजनेचे परिपत्रक वाचून दाखवावे तसे तो हे बोलतो! लाभार्थी कोण, लाभ काय, शर्ती कोणत्या, योजना बंद केव्हा होणार, सगळे त्यात आहे. तेंडुलकरांनी हे योजनापूर्वक केले की आपसूक झाले, मला सांगता येणार नाही. पण सरकार आणि समाज यांनी मोकळी ठेवलेली जागा एका बुकबाइंडरने आपल्या पद्धतीने भरून काढली आहे, हे त्या प्रवेशात लख्ख दिसते. आणि तो वाटतो तितका खोटारडा नाही. लग्नाच्या नवऱ्याने जे न सांगता केले ते हा आधी सांगून करतो एवढेच.

लक्ष्मी मार खाते, आणि एके दिवशी निघूनही जाते. माझ्या नायिकेसारखीच ती उंबरठा ओलांडते. माझी कादंबरी तिथे संपली. तेंडुलकरांचे नाटक तिथून खरे सुरू होते. लक्ष्मी अमळनेरला पुतण्याकडे जाते. तिथे तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि तिला घालवून देतात. मग ती कुठे येते? ज्याने मारले त्याच्याच दाराशी. आता तिथे चंपा आहे. टीकाकार लक्ष्मीच्या परतण्यात भक्ती, सोशिकता, मनाची गुंतागुंत शोधत बसतात. असेलही ती, पण तिच्याजवळ तिसरे दार नव्हते हे साधे कारण आधी का सांगू नये? चंपा तिला ठेवून घेते ती कामाची वाटणी करून: घरचे काम लक्ष्मीने करायचे आणि सखारामची रात्र चंपाने काढायची, त्यासाठी तिला दारू प्यावी लागली तरी. दोन निराधार बायकांनी एका छपराचे भाडे असे वाटून घेतले आहे. पुढे लक्ष्मी चंपाची चहाडी करते आणि चंपाचा खून होतो. लक्ष्मी दुष्ट होती का? मला तसे वाटत नाही. छप्पर एकच होते आणि ते जाऊ नये म्हणून ती काहीही करायला तयार होती. नाटकातला सगळ्यांत भयंकर क्षण मला गळा दाबण्याचा वाटत नाही. खड्डा खणायला लक्ष्मी पुढे होते तो वाटतो. तिच्या अंगात जोर येतो तो घर राखायला.

याच १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता आणि रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला होता. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, स्त्री-पुरुषांना सारखा दर, आणि कामाच्या जागी लेकरांसाठी सावली व सांभाळ, असे तिचे स्वरूप होते. त्या कामांवर गावोगावच्या बायकांनी खडी फोडली आणि पाझर तलाव बांधले, आणि त्यांतल्या कितीतरी टाकलेल्या बायका होत्या. दुष्काळावर आपल्याकडे उदंड लिहिले गेले: भेगाळलेली जमीन, मरून पडलेली गुरे, ओसाड गाव. पण हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची मजुरी पडल्यावर एखादी बाई त्या रात्री घरी गेली तेव्हा काय झाले, यावर चांगली कथा मला सापडली नाही. कुठे असली तर वाचकांनी कळवावे, मी ऋणी राहीन.

‘उंबरठा’ या चित्रपटाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचे नाव या विषयाला इतके चिकटले आहे की टाळता येत नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून तो १९८२ साली निघाला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. त्यात निवारा आहे, आणि तो सरकारमान्य आहे. पण त्या महिलाश्रमात आश्रयाला आलेल्या बायकांचा व्यापार चालतो. म्हणजे चार भिंती असल्या तरी किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न उरतोच. सुलभा अखेरीस पुन्हा घर सोडते, आणि प्रेक्षक तिच्याबरोबर जातो. ते योग्यच आहे. तिच्याजवळ शिक्षण आहे, नोकरी मिळेल. आश्रमातल्या बाकीच्या बायका मात्र मागे राहतात आणि आपण त्यांना विसरतो. मीही विसरले होते, परवा चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा चपापले.

आता आजच्या लेखनाकडे येते. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजना आली. अडीच लाखांच्या आत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या एकवीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांना महिना पंधराशे रुपये, थेट त्यांच्या स्वतःच्या खात्यात. तेव्हापासून या विषयावर कथांचे पेव फुटले आहे. आमच्या भागातल्या एका छोट्या कथास्पर्धेचे हस्तलिखित गठ्ठे गेल्या वर्षी माझ्याकडे वाचायला आले होते. त्यांचे दोनच साचे होते. एकात नवरा पंधराशे रुपये हिसकावून दारू पितो, बायकोला मारतो आणि शेवटी बायको विळा उचलते. दुसऱ्यात बायको त्या पैशांतून शिलाईयंत्र घेते, नवरा सुधारतो आणि भाऊबीज होते. विळा किंवा शिलाईयंत्र! मधले काहीच नाही.

आणि खरी गोष्ट तर मधेच असते. माझी एक मैत्रीण या क्षेत्रात काम करते. तिने मला काही अभ्यास समजावून सांगितले. मेक्सिकोत गरीब घरांतल्या आयांना सरकार रोख रक्कम देत असे. २००३ च्या पाहणीवरून तिथे असे दिसले की, पैसे मिळणाऱ्या बायकांना इतरांपेक्षा मारहाण पुष्कळच कमी होत होती, पण नुसत्या धमक्या वाढल्या होत्या. हात उचलण्याची हिंमत कमी झाली, पैसा मात्र हवाच, म्हणून धमकी. कथालेखकाला याहून अधिक काय पाहिजे? बांगलादेशात २०१२ ते २०१४ या काळात काही गावांत बायकांना नुसते पैसे किंवा धान्य दिले, आणि काही गावांत त्याबरोबर बायकांचे नियमित गट भरवून आहार आणि बालसंगोपन शिकवले. मारहाणीबद्दल तिथे कोणी व्याख्यान दिले नव्हते. कार्यक्रम संपून सहा ते दहा महिने झाल्यावर विचारपूस केली तेव्हा नुसत्या मदतीच्या गावांत फारसा फरक उरला नव्हता. जिथे गट भरत होते तिथे मारहाण २६ टक्क्यांनी कमी होती. दर आठवड्याला बाई चार बायकांत जाऊन बसते, तिच्या दंडावरचा वळ चार जणींना दिसतो, आणि तो दिसणार हे नवऱ्याला ठाऊक असते. हे मी कल्पनेने सांगते आहे, अभ्यासकांची भाषा निराळी आहे. पण कादंबरीकाराने एवढी कल्पना करायला हरकत नसावी.

सर्वांत अधिक मला हलवून गेला तो केरळचा अभ्यास. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या सुमारे पाचशे विवाहित स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावे घर नाही आणि जमीनही नाही अशांपैकी ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार सोसला होता. नुसती जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, नुसते घर असलेल्यांत १० आणि दोन्ही असलेल्यांत ७. माझ्या नायिकेच्या नावे एक खोली असती तर तेवीस प्रकरणे कदाचित झालीच नसती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आपल्याकडे ‘लक्ष्मीमुक्ती’ काढली, नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावले, तेव्हा त्या नावातली लक्ष्मी ऐकून मला नेहमी सखारामच्या घरातली लक्ष्मी आठवते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मजुरी करून पैसा आणणारी बाई कमी मार खाते असे समजणे भाबडेपणाचे आहे; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोकरी-मजुरी करणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिकच आढळले. गरिबी हे त्याचे एक कारण असेल, दुखावलेला पुरुषी मान हे दुसरे. त्याच पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत अठरा ते एकोणपन्नास वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्के जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्या गप्प राहिल्या. आपल्या कथांत मात्र प्रत्येक जण किंचाळते. त्या गप्प राहण्याची कथा लिहायला हवी, आणि ती फार अवघड आहे.

गेल्या पावसाळ्यात मावशींबरोबर मी तहसील कचेरीत गेले होते. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. २०२३ मध्ये तिचे महिना हजाराचे दीड हजार झाले. परित्यक्तांना ती लागू आहे, पण नवऱ्याने टाकले याचा दाखला लागतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावे लागते. मावशी खिडकीपाशी उभ्या होत्या. मागच्या रांगेत एक तरुण मुलगी ‘लाडकी बहीण’च्या पडताळणीसाठी नवऱ्याचा आधार क्रमांक कसा मिळवायचा, हे कोणाला तरी विचारत होती. २०२५ च्या त्या पडताळणीत पतीचा किंवा वडिलांचा क्रमांक मागितला गेला, आणि ज्यांना दोन्ही नाहीत त्यांच्यासाठी निराळी सोय मागाहून करावी लागली. “मारून हाकललं त्यानं,” ती मुलगी म्हणत होती, “आन् त्याच्याकडंच नंबर मागाया जाऊ?” हे वाक्य मला सुचले नसते. घरात बसून कोणालाच सुचणार नाही.

तेव्हापासून मी चोविसावे प्रकरण लिहायला घेतले आहे. नव्या आवृत्तीत जोडायचे असे प्रकाशकाला कळवले. त्याला कल्पना रुचलेली दिसत नाही, उघड्या दाराचा परिणाम जाईल म्हणतो. जाऊ दे. नायिका पोराला काखेत घेऊन एस.टी. स्थानकावर येते, तिथे एक वाहकबाई तिला १८१ हा क्रमांक सांगते, आणि ती जिल्ह्याच्या गावी ‘सखी’ केंद्रात पोचते. ही केंद्रे २०१५ पासून निघाली आहेत. एका छपराखाली पोलीस, वकील आणि औषधपाणी यांची सोय तिथे असते, आणि निजायला जागाही. ही जागा पाच दिवसांची. २००५ च्या कायद्याने नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क तिला मागता येतो आणि पोटगीही. पण कोर्टाची तारीख पाच दिवसांत पडत नाही.

पाच रात्री मी लिहून काढल्या आणि मावशींना वाचून दाखवल्या. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. स्थानकावर पोराला चहात बुडवून पाव दिला आहे, तिथे बिस्कीट कर, पाव रात्री मिळत नाही. आणि बाईला पहिल्या रात्री झोप लागली असे लिहिले आहेस, ते काढून टाक. सहाव्या दिवशी तिने काय करावे हे मला सुचेना, म्हणून तेही त्यांनाच विचारले. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, सहावा दिवस सोमवार धर, बाई. सोमवारी बाजार असतो, कांदा निवडायला बाया लागतात, आणि पैसे त्याच दिवशी संध्याकाळी हातात देतात.